वजिफ्याच्या मेंढ्या

आत्याला कुणी म्हणलं, "तुला काय काळजी बाई, म्हातारपणी लेक हाय की सांभाळायला," की ती आधी हसायची, मग बाजूला तंबाखू थुंकायची आन मग त्या माणसाच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. माणूस बिचारं चांगलं बोलायला आलेलं असायचं. आपलं काय चुकलं ते त्याला कळायचंच न्हाई. लग्न होऊन आल्यावर मला सुद्धा दोन-तीन वर्षं कळलं न्हाई. कळलं तेव्हापासून मी जी तिच्या बाजूनं झाले ती आजपर्यंत. कुणाला आवडो न आवडो.

आत्या म्हणजे माझ्या बापाची थोरली बहीण. आमच्या मेंढक्या धनगरांत मामाची पोर करून घेतात, म्हणून मला तिच्या लेकाला दिली. म्हणजे ती माझी सासूच. पण सासू म्हणलेलं तिला चालायचं न्हाई. "सासू म्हणलीस तर तोंड फोडीन. मला माझी सासू आठवती," म्हणायची. तलवाड्याच्या अंगाला आमचं गाव. निजाम सरकारचा अंमल, आम्ही त्याला मोगलाई म्हणायचो. पावसाळा गावाकडं काढायचा आन दिवाळी झाली की मेंढरं घेऊन गंगथडीला, गोदावरीकाठच्या काळ्या रानांत जायचं. आत्याचा नवरा मी यायच्या आधीच गेलता. घरात आम्ही तिघं, आत्या, आमचे हे आन मी. बाकी सगळी मेंढरं.

अंगानं उंच होती. बापयासारखं खांद्यावर घोंगडं टाकायची, लुगड्याचा काष्टा गुडघ्याच्या वर खोचायची. कपाळ पांढरं, पण दोन्ही हातांत कोपरापर्यंत काकणं. नवरा गेल्यावर बाईनं काकणं भरायची न्हाईत, हे तिला सांगायला गावातल्या सगळ्या बाया एकदा तरी येऊन गेल्या. ती म्हणायची, "ही काय त्यानं भरली व्हती व्हय? ही माझ्या लोकरीच्या पैशाची हाईत. त्यो गेला, लोकर कुठं गेली?" कासारसुद्धा भ्यायचा तिला. मुकाट काकणं भरून द्यायचा आन पैसे घेऊन निघायचा.

आता हे लोकरीचं सांगायला पाहिजे, न्हाईतर आत्या समजायची न्हाई. तिच्या घरात येणारं जे काय होतं ते तीन वाटांनी यायचं आन ज्या वाटेनं आलं त्याच वाटेनं जायचं. मेंढरं कुणाच्या रानात रात्री बसवली की लेंड्या-मुताचं खत होतं, त्याच्या बदली शेतकरी जवारी देतो. ती जवारी पोटाची. भाकर, मीठ, मिरची आन सरकारात भरायची चराई, सगळं तेवढ्यात भागवायचं. लोकर कातरून जो पैसा यायचा तो हौसेचा. आन दरसालच्या कोकऱ्यांतल्या चांगल्या दोन-चार निवडून त्यांच्या डाव्या कानाला ती सुरीनं खाच मारायची. त्या मेंढ्या म्हातारपणाच्या. त्या कुणी विकायच्या न्हाईत, कापायच्या न्हाईत, पाहुण्याला द्यायच्या न्हाईत. देवाला सुद्धा न्हाईत. आन एका वाटेचं दुसऱ्या वाटेला लावायचं न्हाई, मग आभाळ का कोसळंना.

लोकांना वाटायचं, म्हातारी चिक्कू हाय. चिक्कू कसली? हौसेचा पैसा खर्चला न्हाई तर ती भांडायची. मी नवी होते तेव्हा माझ्या वाट्याचे आठ आणे मी लुगड्याच्या पदराला बांधून ठेवले. तिनं गाठ बघितली.

"हे काय?"

"ठेवलेत, आत्या. अडचणीला व्हतील."

"अडचणीला कावून पोसायलीस? ती काय तुझी पाहुणी हाय?" तिनं गाठ सोडली, माझा दंड धरला आन बाजारात नेलं. माझे आठ आणे संपेपर्यंत मला घरी येऊ दिलं न्हाई. आरसा घेतला, जिलेबी खाल्ली, तरी एक आणा उरला. त्याची पुन्हा जिलेबी खायला लावली. मला मळमळायला लागलं तरी उभी राहिली समोर काठी घेऊन.

एक साल तिनं छत्री घेतली. काळी, लोखंडी काड्यांची, तहसीलदाराच्या कारकुनाकडं असायची तसली. धनगराच्या बाईनं छत्री! आन पावसासाठी न्हाई, उन्हात मेंढरांमागं लावून चालायची म्हणून. पहिल्या दिवशी तिनं ती फाटकन उघडली तशी सगळी मेंढरं उधळली आन एका पाटलाच्या हरभऱ्यात घुसली. पाटील बोंबलत आला. आत्यानं छत्री मिटली न्हाई. छत्रीखाली उभं राहून तिनं त्याचं सगळं ऐकून घेतलं आन म्हणली, "तुझं खरं हाय. दोन रात्री फुकट मेंढरं बसवते तुझ्या रानात. पण छत्रीला नाव ठेवू नको, ती हौसेची हाय." पुढं मेंढरांना छत्रीची सवय झाली. पाटलाला झाली न्हाई.

आन ही बाई दुष्काळात सुद्धा बदलली न्हाई. एक साल पाऊस असा गेला की रानात बसवायला कुणी मेंढरं बोलवीना. ज्याच्या रानात पीक न्हाई तो खत काय करील? जवारी तळाला गेली. आम्ही आंबील पिऊन दिवस काढत होतो. लोकरीचा थोडा पैसा आला तसे आमचे हे म्हणले, "माय, औंदा जवारी घिऊ. हौस पुढच्या साली."

"पुढच्या साली मेले तर?" आत्या म्हणली. "पोटाचं पोट बघंल. रानातली भाजी हाय, मेंढीचं दूध हाय." आन तिनं त्या पैशातून माझ्या हातांत हिरवी काकणं भरली. गाव थुंकलं आमच्यावर. मी बी घरी येऊन रडले, पोटात काय न्हाई आन हातात किणकिण! पण खरं सांगू? त्या सालात बाकी बायांची तोंडं बघवत नव्हती. माझ्या हातांकडं बघितलं की मला वाटायचं, आपण अजून माणसांत हाव. उपाशी माणसाला हे वाटणं काय असतं, ते उपाशी राहिलेल्यालाच विचारा. ज्यांनी नावं ठेवली त्यांची मला आज बी फिकीर न्हाई.

खाचेच्या मेंढ्यांची बुद्धी तिला कुठून सुचली ते ती सगळ्यांना सांगायची. एकदा चराईसाठी मेंढरं मोजायला गिरदावर आलता. सरकारी माणूस, पांढरी दाढी, घोड्यावरून उतरताना कण्हायचा. आत्यानं त्याला दूध दिलं आन विचारलं, "साहेब, एवढं दुखतंय तर हिंडता कावून?" तो म्हणला, "बस, बाई, दो साल और. फिर वजीफा." वजीफा म्हणजे काय ते त्यानं समजावून सांगितलं. नोकरी संपली की सरकार घरी बसून पैसे देतं, मरेपर्यंत, कुणाच्या तोंडाकडं बघावं लागत न्हाई.

"आन मेंढक्याला?" आत्यानं विचारलं.

गिरदावर लई हसला. दाढीवर दूध सांडलं त्याच्या. आत्या हसली न्हाई. तो गेल्यावर तिनं मेंढरांच्या वाड्यातल्या दोन चांगल्या कोकऱ्या धरल्या आन खाचा मारल्या. "सरकार देत न्हाई तर न देवो. माझी सरकार मी," म्हणली. तेव्हापासून ती त्यांना वजिफ्याच्या मेंढ्या म्हणायची. त्यांच्या पोटच्या कोकऱ्यांना पुन्हा खाच. वाढता वाढता चांगला घोळका झाला.

इथं माशी शिंकली. घोळका दिसायला लागला तसं लोक आमच्या ह्यांना टोचायला लागले. "काय रं, तुझ्या मायचा तुझ्यावर भरवसा न्हाई, मेंढ्यांवर हाय." पाण्यावर, बाजारात, लग्नात, जिथं जातील तिथं हेच. एकुलता एक लेक. मायला ताटात वाढायच्या आधी स्वतः घास न घेणारा माणूस. हे आतून जळायला लागले. मला म्हणायचे, "मी काय मेलोय का? जित्या लेकाची माय म्हातारपणाला मेंढ्या राखती!" मी काय बोलणार? मला तेव्हा त्यांचंच खरं वाटायचं.

आन मग त्यांनी जो शहाणपणा केला तो फक्त आमच्या जातीतलाच माणूस करू शकतो. आत्या एकदा माहेरी गेलती. ह्यांनी ठरवलं, खाचेची एक मेंढी बाजारात विकून टाकायची. पण खाच बघून आमच्या माणसांनी विचारलं असतं, म्हातारीची मेंढी तू कशी विकायलास? म्हणून ह्यांनी काय करावं? खाच दिसू नये म्हणून कानाचा शेंडाच कापून टाकला, खाचेसकट. आन मेंढी घेऊन गेले. आता आमच्याकडं शेंडा कापलेली मेंढी म्हणजे खंडोबाला सोडलेली. तिला कुणी घ्यायचं न्हाई, कापायचं न्हाई. हे लहान पोराला ठावं हाय! रागाच्या भरात ह्यांच्याच ध्यानात राहिलं न्हाई. बाजारात ज्यानं त्यानं मेंढीला हात लावून नमस्कार केला आन पुढं गेला. एकानं तर भंडारा लावला. संध्याकाळी हे तीच मेंढी घेऊन सगळ्या गावातून घरी आले, मेंढीचं कपाळ पिवळंजर्द.

आत्या परत आली, मेंढी बघितली. मला वाटलं आता काठी उचलती. ती खाली बसली आन पोट धरून हसली, डोळ्यातून पाणी येईस्तोवर. "लेका, माझं म्हातारपण देवाला दिऊन आलास. आता देवाचं म्हातारपण काढ, चार तिला पाला." ह्यांना ते हसणं लई लागलं. मारलं असतं तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी हे उठून जातीच्या कारभाऱ्याकडं गेले आन तक्रार घातली.

पंचायत भरली खंडोबाच्या देवळाम्होरं लिंबाखाली. आमच्या गावची, शेजारच्या दोन गावची माणसं होती. बाया मागं. कारभारी म्हणजे जातीतला मोठा माणूस, मिशांना तेल लावलेला. त्यानं आत्याला उभं केलं.

"बाई, लेक जिता असताना म्हातारपणाला मेंढ्या राखायलीस. जातीत असं कुणी केलंय? लेकाचं नाक कापलंस तू."

"त्याचं नाक हाय तिथं हाय. मी कान कापले, ते बी मेंढ्यांचे."

माणसं हसली. कारभारी चिडला. "तुझा लेक दारू पितो?"

"न्हाई."

"उपाशी ठेवतो?"

"न्हाई."

"हात उचलतो?"

"उचलून बघू दे की."

"मग भरवसा कावून न्हाई?"

आत्यानं काठी जमिनीला टेकली. मग ती बोलली ते हळू बोलली, पण मागच्या बाईपर्यंत ऐकू गेलं.

"माझ्या सासऱ्याला चार लेक. चारी चांगले. सुना बी चांगल्या, त्यांतली एक मी. म्हातारा एकेका महिन्याला एकेकाकडं जेवायचा. आमच्याकडला त्याचा महिना सरत आलता. मला म्हणला, सूनबाई, तोंड कडू झालंय, गुळाचा खडा दे. मी म्हणलं, मामा, दोन दिवसांनी धाकल्याकडं जायलाव न्हवं, तिथं खावा. त्यो बरं म्हणला. धाकल्याकडं जायच्या आधीच मेला." तिनं सगळ्या पंचांकडं बघितलं. "घरात गुळाची ढेप व्हती. मी वाईट बाई न्हवते. पोरगं ल्हान व्हतं, पाहुणं यायचं व्हतं, पुरवून वापरायचा व्हता. म्हणून दिला न्हाई. वाईट माणूसच गूळ नाकारतं असं वाटतं का तुमाला?"

मग तिनं काठी माझ्याकडं केली. "ही माझ्या भावाची पोर. लई गुणाची. पण एक दिवस हिच्या बी घरात ढेप असंल आन हिला बी पुरवायचा असंल. त्या दिवशी मला हिच्याकडं मागायचं न्हाई. माझा गूळ मी माझ्या मेंढीचा खाईन. लेकावर भरवसा हाय माझा. माझा माझ्यावर न्हाई, म्या केलंय ते."

मला राग आला, कावून न येईल? भर जातीत माझ्यावर असला वहीम! आन मग मनात आलं, मी तरी कोण मोठी देव लागून गेले? तिच्या जागी मी असते तर दिला असता का गूळ, पाहुणं यायचं असताना? मला छातीवर हात ठेवून हो म्हणता येईना. तिथंच माझा राग गेला. त्या जागेवर ती मला जेवढी माझी वाटली तेवढी माझी आई सुद्धा कधी वाटली न्हाई.

कारभाऱ्याची मान खाली होती, पण मिशा हलल्या न्हाईत. तो म्हणला, ते सगळं खरं असंल, पण जातीची रीत ती रीत. मेंढ्या लेकाच्या हवाली कर, न्हाईतर वाळीत.

"वाळीत तर वाळीत," आत्या म्हणली. घोंगडं झटकलं, खांद्यावर टाकलं. मला म्हणली, "तू बस. तुझा नवरा हितं हाय."

मी उठले. ह्यांच्याकडं बघितलं, हे जमिनीकडं बघत होते. बायांमधून वाट काढली आन आत्याच्या मागं चालायला लागले. मागून कुणीतरी म्हणलं, "सून बी बिघडली." मी वळून म्हणलं, "व्हय, बिघडले!" असलं काही मी जन्मात कधी बोलले नव्हते. लई बरं वाटलं.

हे त्या दिवशी चुलत्याच्या घरी राहायला गेले. वाळीत टाकणं म्हणजे काय ते कातरणीला कळलं. आमच्यात कातरणी सावडीनं होते, आज तुझ्या मेंढरांना सगळे, उद्या माझ्या. त्या साली आमच्या वाड्यात कुणी आलं न्हाई. दोघी बायांनी कातर धरली. मेंढी धरायची, पाडायची, पाय बांधायचे, कातरायचं. माझे हात फोडांनी भरले. आत्या कातरता कातरता पंचांच्या नावानं एकेक मेंढी नागडी करायची. "हा कारभारी. बघ कसा दिसतो मिशा काढल्यावर." मी हसून हसून कातर टाकून बसायची. गावच्या रस्त्यावरून जाणारे लोक थांबून बघायचे, ह्या वाळीत टाकलेल्या बाया हसायल्यात कशाला.

अर्धी मेंढरं व्हायची होती तेव्हा हे आले. कुणाशी बोलले न्हाईत. कातर उचलली आन बसले. दिवसभर हात चालवला, आमच्या दुप्पट. पण खाचेची मेंढी समोर आली की तिला सोडून द्यायचे आन दुसरी धरायचे. वजिफ्याच्या मेंढ्या आम्ही दोघींनीच कातरल्या. त्या दिवसापासून त्यांनी त्या मेंढ्यांना कधी हात लावला न्हाई. चारायला नेल्या, पाणी दाखवलं, सगळ्या कळपाबरोबर. पण हात लावला न्हाई. आत्यानंही लाव म्हणलं न्हाई.

लोकर इथं कुणी घेईना, तर आत्या ती गाढवावर लादून शेवगावच्या बाजूला, इंग्रजी हद्दीत घेऊन गेली. तिथं तिला निजामाच्या हाली रुपयाऐवजी इंग्रजांचे कलदार मिळाले, जास्त मोलाचे. परत आली ती छकड्यात बसून, भाड्याच्या. छत्री उघडी, तोंडात विडा. कारभाऱ्याच्या दारावरून छकडा दोनदा नेला. गाडीवाल्याला वाटलं म्हातारी वाट चुकली.

वाळीत टाकणं फार टिकलं न्हाई. कुणब्यांना आमच्या पंचायतीशी काय घेणं? त्यांना रानात मेंढरं पाहिजे होती, त्यांनी बोलवली. आन मग एक दिवस, चांगलं उन्हाचं, कारभाऱ्याची बायको दोन कोकऱ्या काखेत घेऊन आमच्या वाड्यात आली. कारभारी आपल्या दारात उभा राहून बघत होता, पण आडवा आला न्हाई.

"माझ्या हातून कापवत न्हाई," ती म्हणली. "तू मार."

आत्यानं एक शब्द विचारला न्हाई. सुरी धुतली आन खाचा मारल्या. ती गेल्यावर मला म्हणली, "कारभाऱ्याच्या घरात गुळाची चावी बायकोकडं न्हाई, ते कळलं." त्यानंतर आमच्या वाड्यात वर्षाला चार-दोन तरी बाया कोकऱ्या घेऊन यायच्या. बापे कधी आले न्हाईत. आत्या म्हणायची, त्यांना वेळ लागतो.

मग ती खरंच म्हातारी झाली. गुडघे गेले, मेंढरांमागं चालवंना. त्या दिवसापासून तिनं नवी खाच मारणं थांबवलं आन दरसाल एक मेंढी विकायची. हे विकत न्हाईत म्हणून मी बाजारात न्यायची. त्या पैशात तिची वर्षाची जवारी, तंबाखू आन गूळ. जवारी ती आमच्या कणगीत ओतायची, माझ्या डोळ्यांदेखत. आन गूळ घेऊन उंबऱ्यात बसायची. येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारून खडा द्यायची. नातवांच्या मुठी गुळानं चिकट. हे एकदा कळवळून म्हणले, "माय, मला लाज वाटती गं. माझ्या घरात तू तुझी जवारी ओततीस."

"तुझी लाज तू सांभाळ, बाबा. माझं पोट मी सांभाळते," ती म्हणली आन त्यांच्या बी हातावर गुळाचा खडा ठेवला. ह्यांनी तो खाल्ला. पण तिच्याकडं पाठ करून खाल्ला.

एकदा ती लई आजारी पडली. चार दिवस पाणी सुद्धा घेईना. ह्यांनी पाहुणे बोलवले, घर भरलं, बाया पदर तोंडाला लावून बसल्या. आत्यानं एक डोळा उघडला.

"मेंढ्या किती राहिल्या?"

"तीन," मी म्हणलं.

"मग एवढी माणसं कावून जमवली?" आन उठून बसली. तंबाखू मागितली. रडायला आलेल्या बाया कशाला आलो ते विसरून तोंडाकडं बघत राहिल्या. पुढं ती दोन वर्षं जगली आन दोन मेंढ्या खाल्ल्या, आरामात, कुणाचं काही न घेता. गेली तेव्हा मी जवारी पाखडत होते. ती भिंतीला टेकून बसली होती आन बोलता बोलता थांबली. मी म्हणलं, आत्या, पुढं काय? पुढं काही न्हाई. मी तिच्यासाठी जेवढी रडले तेवढी कुणासाठी रडले न्हाई, आन ते सांगायला मला काही कमीपणा वाटत न्हाई.

एक मेंढी उरली. तेराव्याला सगळी जात जमली. नवा कारभारी होता, जुन्याचा पुतण्या. तो ह्यांना म्हणला, "म्हातारीची मेंढी हाय की. आजच्या जेवणाला कापा. तिच्याच नावाची, तिच्याच दिवसाला." सगळ्यांना पटलं. हे काही बोलले न्हाईत.

मी बोलले. "ती मेंढी म्हातारपणाची हाय," म्हणलं. "जेवणाची न्हाई. ज्याला जेवायचं त्यानं भाकर-पिठल्यावर जेवावं, न्हाईतर घरून आणावं."

"आता कुणाचं म्हातारपण?" तो हसत म्हणला. "म्हातारी तर गेली."

"माझं," मी म्हणलं.

एकदम गलका झाला. कुणी म्हणलं, दोन लेक हाईत हिला, लाज न्हाई. कुणी म्हणलं, जशी सासू तशी सून. मी ऐकत बसले न्हाई. आत गेले, सुरी घेतली आन वाड्यात शिरले. मेंढी धरली. तिच्या डाव्या कानाला आत्याची खाच होती, मला उजव्या कानाला माझी मारायची होती. पण मेंढी मोठी, दांडगी. एका हातानं आवरंना. मी ओढायची, ती मला फरपटायची, सुरी हातातून निसटायला आली. डोळ्यांतलं पाणी पुसायला हात मोकळा न्हाई. आन बाहेर लोक हसायलेत ते ऐकू येत होतं.

तेवढ्यात दोन हात आले आन त्यांनी मेंढीचं डोकं घट्ट धरलं. बघितलं तर हे. एवढ्या वर्षांत त्यांनी त्या मेंढ्यांना बोट लावलं नव्हतं. मेंढीच्या मानेवर गाल टेकून बसले होते, पिकल्या दाढीचे खुंट लोकरीत रुतलेले.

"मार," म्हणले.

मी खाच मारली. रक्त पुसलं, हळद भरली. मेंढी धडपडायची थांबली तरी त्यांनी डोकं सोडलं न्हाई.

"औंदाची कोकरी हाय का एखादी चांगली?" त्यांनी विचारलं. माझ्याकडं बघत नव्हते.

"हाय की. कावून?"

"एक मला बी मार," ते म्हणले. "माझ्या नावाची."

बाहेर माणसं पंगतीसाठी खोळंबली होती. हाका मारत होती. खोळंबू दे म्हणलं, आन कोकरी धरायला गेले.